उत्तर निवेदनाला हवे, रास्ता रोकोला नव्हे

२०२५ च्या जून महिन्यात बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग करून बसले. मागणी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची होती आणि ती नवी नव्हती. सात महिन्यांपूर्वीच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनेच तिचे आश्वासन दिले होते. आठवडाभरात मंत्री आले, पत्र दिले, उपोषण सुटले. जुलैत पापळहून चिलगव्हाणपर्यंत पदयात्रा निघाली. ऊन-पावसात माणसे चालली, गावोगाव सभा झाल्या, पण कर्जमाफी होती तिथेच राहिली. मग २८ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरजवळ वर्धा रस्त्यावर उतरले आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग बंद पडला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेत रस्ता मोकळा करायला सांगितले. ३० ऑक्टोबरला मुंबईत मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ, असे जाहीर झाले.

उपोषणाने पत्र मिळाले. पदयात्रेने काहीच मिळाले नाही. महामार्ग अडल्यावर तारीख मिळाली. हा क्रम राज्यातल्या प्रत्येक संघटनेने, प्रत्येक समाजाच्या पुढाऱ्याने बघितला आणि मनात नोंदवून ठेवला.

कर्जमाफी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. आंदोलनाने लोकांना वेठीस धरावे का, सरकारने ते मोडून काढावे की सहन करावे, यावर आपण दर वर्षी त्याच जागी उभे राहून भांडतो. एक बाजू म्हणते, रस्त्यावर रुग्णवाहिका अडकते, लाठी चालवा. दुसरी म्हणते, लोकशाहीत आंदोलन हा हक्क आहे, थोडा त्रास सोसा. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. आपल्या सरकारांचे उत्तर मागणीच्या न्याय्यतेवर ठरत नाही, आंदोलनाच्या उपद्रवमूल्यावर ठरते. पक्ष कोणताही असो, मुख्यमंत्री कोणीही असो, ही सवय सुटलेली नाही. आणि ती सुटत नाही तोवर लाठीही चूक ठरते आणि सहनशीलताही अपुरी पडते.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनाइतका याचा स्पष्ट दाखला दुसरा नाही. ९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेतून मूक मोर्चांना सुरुवात झाली. लाखांनी माणसे निघत, पुढे मुली, मागे बायाबापड्या, घोषणा नाही, दगड नाही, मोर्चा गेल्यावर रस्ता झाडून घेणारे स्वयंसेवक. देशभर त्यांच्या शिस्तीचे कौतुक झाले. शांत मोर्चे निघत राहिले, समित्या आणि बैठका होत राहिल्या. २०१८ च्या जुलैत एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला, बंद झाले, जाळपोळ झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये १६ टक्के आरक्षणाचा कायदा झाला. मधल्या काळात मागासवर्ग आयोगाचे काम सुरू होते, त्याचा अहवाल आल्यावरच कायदा झाला, हे खरे. पण गावच्या पारावर बसलेल्या तरुणाने त्या दोन वर्षांतून काय अर्थ काढला असेल? पुढे ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर आले.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणस्थळी लाठीमार झाला. तोवर राज्याला फारसे ठाऊक नसलेले मनोज जरांगे त्या एका संध्याकाळीने घराघरात पोहोचले. लाठी चालवून आंदोलन संपते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये ते मुंबईच्या वेशीवर, वाशीला येऊन थांबले. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः तिथे गेले, ‘सगेसोयरे’, म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्यांचे नातेवाईक, या संज्ञेबद्दलच्या अधिसूचनेचा मसुदा हाती दिला, गुलाल उधळला गेला. पण तो मसुदा होता आणि मसुदाच राहिला. त्यावर हरकती मागवल्या गेल्या, त्या लाखांनी आल्या, अंतिम अधिसूचना निघाली नाही. वाशीत जमलेल्या माणसांना घरी पाठवणे हे त्या रात्रीचे काम होते, ते झाले. मागणी न्याय्य असेल तर ती मान्य करायला आणि नसेल तर तसे तोंडावर सांगायला जे धैर्य लागते, ते त्या रात्री लागले नाही.

म्हणूनच २९ ऑगस्ट २०२५ ला जरांगे पुन्हा आले आणि या वेळी थेट आझाद मैदानात. पोलिसांची परवानगी ५,००० माणसांना, एका दिवसापुरती, संध्याकाळी सहापर्यंत. आली त्याच्या कित्येक पट. गणपतीचे दिवस, वरून पाऊस, मैदानात चिखल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटांवर माणसे झोपली, महापालिकेसमोरच्या रस्त्यावर अंघोळी झाल्या. पहिल्या दिवशी आजूबाजूची खाण्याची दुकाने बंद, शौचालये अपुरी. मग गावागावांतून भाकरी-ठेच्याच्या गाड्या येऊ लागल्या. त्या दिवसांत दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांचे हाल झाले, हे कोणी नाकारू नये. आणि हाल झाले म्हणून आलेल्या माणसांना अडाणी, गलिच्छ ठरवणारी जी भाषा समाजमाध्यमांवर वाहत होती, तीही कोणी विसरू नये. मराठवाड्यातला शेतकऱ्याचा मुलगा आपल्याच राज्याच्या राजधानीत आला होता. त्याला कुठे बसायचे, कुठे पाणी प्यायचे, कुठे शौचाला जायचे हे सांगण्याची जबाबदारी आधीच तारीख माहीत असलेल्या प्रशासनाची होती.

१ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने अटींचा भंग झाल्याचे सांगून रस्ते मोकळे करायला मुदत दिली, २ तारखेला आणखी कडक शब्दांत बजावले. त्याच दिवशी संध्याकाळी राधाकृष्ण विखे पाटील यांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळ उपसमिती मैदानात आली आणि हैदराबाद गॅझेटच्या, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी नोंदींच्या आधारे मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्याबाबतचा शासन निर्णय हाती देऊन गेली. कुणबी ओबीसीत येतात, म्हणून ही नोंद मोलाची. उपोषण सुटले, मुंबई मोकळी झाली.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. ओबीसी समाजाचे नेते म्हणाले, आमच्या ताटातले द्यायचा निर्णय आम्हाला न विचारता कसा झाला? छगन भुजबळ मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेले नाहीत, निर्णयाविरुद्ध याचिका दाखल झाल्या. बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: हैदराबाद गॅझेट मराठ्यांसाठी प्रमाण असेल, तर त्याच गॅझेटमधली आमची नोंद आम्हाला अनुसूचित जमातीत घेण्यासाठी प्रमाण का नाही? त्याला विरोध करायला आदिवासी संघटना उभ्या राहिल्या. त्या शासन निर्णयाची कायदेशीर बाजू भक्कम असो वा कच्ची, ती कोर्टात ठरेल. पण तो ज्या रीतीने आला, मैदानात, न्यायालयाची मुदत डोक्यावर असताना, एका समाजाच्या हाती, त्या रीतीमुळेच बाकीच्यांना वाटले की आपणही मैदानात गेल्याशिवाय गत नाही. एका आंदोलनाला असे उत्तर देऊन सरकारने पुढची तीन आंदोलने स्वतःच्या हाताने उभी केली.

इथे लोकांच्या त्रासाबद्दल थांबून बोलले पाहिजे, कारण आंदोलनांची बाजू घेणारी माझ्यासारखी माणसे तो पटकन ओलांडून पुढे जातात. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला तर त्या दिवशीचे घर चालत नाही. डायलिसिसची वेळ ठरलेली असते. परीक्षेला उशिरा पोहोचलेल्या मुलाचे वर्ष जाते. बंद पुकारणाऱ्या पक्षाच्या नेत्याला यातले काहीच भोगावे लागत नाही, म्हणून २००३ च्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला, तो योग्यच होता. राजकीय पक्षाकडे विधानसभा असते, प्रश्नोत्तरे असतात, वर्तमानपत्रे असतात. ज्याच्याकडे बोलायला सभागृह आहे त्याने दुसऱ्याचे दुकान सक्तीने बंद करण्याचे समर्थन मी करू शकत नाही.

पण २० ऑगस्ट २०२४ चे बदलापूर आठवा. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला होता. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. त्या दिवशी लोक रुळांवर उतरले, मध्य रेल्वेची त्या बाजूची वाहतूक दिवसभर ठप्प झाली. हजारो प्रवासी अडकले, त्यांत कामावरून घरी परतणाऱ्या आयाही होत्या. त्याच दिवशी विशेष तपास पथक नेमले गेले, पोलीस अधिकारी निलंबित झाले. दोन दिवसांनी उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढताना असा सवाल केला की लोकक्षोभ झाल्याशिवाय यंत्रणा हलणारच नाही का? रुळांवर बसलेल्यांवर गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली. कायद्याच्या पुस्तकात रेल्वे अडवणे गुन्हा आहे, ते ठीक. पण ज्या कामासाठी पोलीस ठाणे उघडे असते ते काम वेळेत झाले असते, तर त्या दिवशी लोकल वेळेवर धावल्या असत्या. प्रवाशांचे हाल कोणी केले, याचे उत्तर रुळांवरच्या गर्दीपाशी संपत नाही.

या वादात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणाचा आधार नेहमी घेतला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांचा मार्ग सोडून द्यावा लागेल असे सांगितले आणि त्या मार्गाला अराजकाचे व्याकरण म्हटले. आंदोलनाला विरोध करणारे इथे पूर्णविराम देतात. पण बाबासाहेबांनी अट घातली होती. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे साधायला संविधानिक मार्ग उरलेलेच नव्हते तेव्हा असंविधानिक मार्गांना मोठे समर्थन होते. संविधानिक मार्ग मोकळे असतील तिथे ते समर्थन उरत नाही. हे सांगणारा माणूस महाडच्या चवदार तळ्यावर आणि काळारामाच्या दारात उभा राहिलेला होता, त्यामुळे त्या अटीचे वजन त्यांना नीट ठाऊक होते. तेव्हा आजचा प्रश्न असा आहे: ते मार्ग मोकळे आहेत का? आणि मोकळे ठेवण्याची जबाबदारी कोणाची? रास्ता रोको करणाऱ्याला बाबासाहेबांचे भाषण वाचून दाखवण्याआधी ज्याच्या टेबलावर सहा महिन्यांपूर्वीचे निवेदन पडून आहे, त्याला ते वाचून दाखवले पाहिजे.

मार्ग बंद असले की काय होते, हे नागपूरने २३ नोव्हेंबर १९९४ ला पाहिले. हिवाळी अधिवेशन सुरू होते. विदर्भातल्या गावोगावचे गोवारी, गुरे राखणारी माणसे, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला मोर्चाने आली होती. बायका होत्या, कडेवर पोरे होती. मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ अडवला गेला आणि माणसे वाट बघत बसली, कोणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल. तेवढेच हवे होते. दिवस मावळला तरी कोणी आले नाही. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मेले. त्यांनी कुणाचे दुकान फोडले नव्हते, रेल्वे अडवली नव्हती. चौकशी आयोगाने कोणालाही दोषी धरले नाही. सीताबर्डीत स्मारक झाले, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव दिले गेले. एका मंत्र्याने विधान भवनातून काही मिनिटांचे अंतर चालत यायचे होते.

या घटनेकडे आपण अपघात म्हणून बघतो. मला तो कारभाराचा एक नियम दिसतो. निवेदन स्वीकारणे ही सरकारच्या लेखी मेहरबानी आहे, कर्तव्य नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. ‘आपले सरकार’ पोर्टलही एकेकट्या माणसाच्या तक्रारीसाठी आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत मिळावा हे ठरवून दिले. पण चाळीस गावांनी मिळून धरणाच्या पाण्याबद्दल निवेदन दिले, तर त्याचे उत्तर किती दिवसांत, कोणी, कोणत्या स्वरूपात द्यावे, याचा नियम नाही. पोच मिळते, पोचपावतीवर शिक्का असतो, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो: निवेदन देताना शिष्टमंडळ. त्यानंतर शांतता.

दुसरीकडे मनाईचे नियम भरपूर आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांनी निघत राहतात. सण, जयंती, निवडणूक, अधिवेशन, कारण कोणतेही चालते. परिणाम असा की पाच माणसे घोषणा देत उभी राहिली तरी तांत्रिकदृष्ट्या गुन्हा घडलेला असतो. तो नोंदवायचा की नाही, हे वरच्या इशाऱ्यावर ठरते. संविधानाच्या कलम १९ ने शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आणि त्यावर वाजवी निर्बंधांची मुभा दिली. वर्षभर अखंड चालणारा निर्बंध वाजवी कसा, हे मला कळत नाही.

मग या गुन्ह्यांचे पुढे काय होते? ते वाटाघाटीत वापरले जातात. आंदोलन मिटवताना शेवटची मागणी ठरलेली असते: गुन्हे मागे घ्या. आझाद मैदानातल्या २ सप्टेंबरच्या तडजोडीतही ती होती. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढते. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान ५ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशा अटी त्यांत असतात. ज्याच्यामागे मोठा समाज आहे त्याचे खटले एका बैठकीत सुटतात. ज्या अंगणवाडी सेविकेवर, ज्या आदिवासी पोरावर एकट्यादुकट्याने गुन्हा लागला, ती तारखांना जात राहते, त्याला पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पडताळणीत अडवले जाते. ज्याने एसटी जाळली त्याच्यावरचा खटला शेवटपर्यंत चालला पाहिजे, त्याच्यामागे कितीही मोठा समाज असो. आणि जो फक्त रस्त्यावर बसला होता त्याच्यावर खटला उभाच राहू नये, त्याच्यामागे कोणीही नसो. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि सरकार नेमके उलटे करते.

यात भर म्हणून जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. मूळ विधेयकात ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या इतकी सैल होती की कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणे हेही तिच्यात बसत होते. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, काही बदल झाले, कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला. तरीही माझी भीती जात नाही. १ मे रोजी हुतात्मा चौकात मान तुकवणाऱ्या सरकारला हे ठाऊक असले पाहिजे की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसांनी जे केले, ते १९५६ च्या मुंबई सरकारच्या दृष्टीने कायद्याची अवज्ञाच होती. १०६ जणांनी प्राण दिले म्हणून हे राज्य आहे.

शिस्तीने केलेल्या आंदोलनाला आपण काय दिले, याचा एक हिशेब अजून बाकी आहे. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे आदिवासी शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालले. वनहक्क कायदा २००६ चा, आणि कसत असलेल्या जमिनीचा सातबारा अजून नावावर नाही, हे त्यांचे मुख्य दुखणे. ११ तारखेला ते शीवजवळ सोमय्या मैदानात पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता. आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे रात्री पुन्हा उठली आणि अंधारात चालत पहाटेपर्यंत आझाद मैदानात आली. पायांची सालटी निघालेली होती. मुंबईकरांनी पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. सरकारने लेखी आश्वासन दिले, वनहक्काच्या दाव्यांना सहा महिन्यांची मुदत घातली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसे नाशिकहून पुन्हा निघाली, कारण आश्वासन पाळले गेले नव्हते. वेशीवरच पुन्हा लेखी आश्वासन मिळाले. मार्च २०२३ मध्ये ती तिसऱ्यांदा निघाली, वाशिंदला थांबली, तिथे एका मोर्चेकऱ्याचा मृत्यू झाला, आणि सरकारने सभागृहात निवेदन केल्यावर परतली. मधल्या काळात राज्यात तीन वेगवेगळे मुख्यमंत्री झाले. दहावीच्या मुलांसाठी रात्री चालणाऱ्या माणसांनी आणखी कोणती सभ्यता दाखवायची? पुढच्या वेळी त्यांच्यातला एखादा तरुण म्हणाला की परीक्षेच्या वेळीच रस्ता अडवू, तर त्याला थांबवायला तिथल्या म्हाताऱ्यांकडे कोणता युक्तिवाद आहे? त्या रात्रीच्या चालण्याची किंमत सरकारने ठेवली असती, तर राज्यातल्या प्रत्येक संघटनेसमोर एक जिवंत उदाहरण उभे राहिले असते.

आणि ज्यांना एवढे चालणेही शक्य नाही, त्यांचे काय? आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात वर्षभर कोणी ना कोणी बसलेले असते. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, दिव्यांग, नोकरी गेलेले कंत्राटी कामगार, पुनर्वसन न झालेली धरणग्रस्त कुटुंबे. त्यांच्याकडे लाखांची गर्दी नाही, ट्रॅक्टर नाहीत, मतांचा गठ्ठा नाही. पारधी किंवा कातकरी समाज महामार्ग अडवू शकत नाही. उपद्रवमूल्यावर चालणाऱ्या राज्यात सर्वांत दुबळा माणूस सर्वांत शेवटी उभा असतो. रास्ता रोकोपुढे झुकणारे सरकार संवेदनशील असते असा जो समज आहे, तो याच कारणाने मला मान्य नाही. ते संख्येपुढे झुकते. संख्या नसलेल्यांना त्यातून काही मिळत नाही.

न्यायालयांकडून किती अपेक्षा ठेवायची, यालाही मर्यादा आहे. नागरिकत्व कायद्याविरुद्ध दिल्लीत रस्त्यावर चाललेल्या शाहीनबाग धरण्याच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असे सांगितले, ते सगळ्यांनी उचलून धरले. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की कृती करणे हे प्रशासनाचे काम आहे, त्याने न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहू नये की त्याआड लपू नये. आझाद मैदानाच्या वेळी सरकार पाच दिवस नेमके न्यायालयाकडे बघत होते. आणि रस्ता नेहमी आंदोलकच अडवतात असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाबचे शेतकरी दिल्लीकडे निघाले तेव्हा शंभू सीमेवर राष्ट्रीय महामार्गात हरियाणा सरकारने अडथळे उभारले. जुलैत पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते काढायला सांगितले तरी रस्ता पूर्ण मोकळा व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. तिथल्या व्यापाऱ्यांचे आणि रुग्णांचे वर्षभराचे हाल कोणाच्या खात्यावर मांडायचे?

आंदोलन करणाऱ्यांकडूनही मला काही हवे आहे. त्रास ज्याने प्रश्न सोडवायचा त्याच्या दारापर्यंत न्यावा, वाटेतल्या अनोळखी माणसाच्या माथी मारू नये. रुग्णवाहिकेला वाट ठेवणारे स्वयंसेवक मोर्चाच्या पुढे असावेत. परवानगीत ५,००० म्हटले असेल तर किती येणार याचा खरा आकडा आधी सांगावा. खोटा आकडा देऊन नंतर सोयी नाहीत म्हणणे बरोबर नाही. पण या अपेक्षा करण्याचा हक्क मला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा शिस्तीने वागणाऱ्याचे ऐकले जाईल.

सरकारने करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले फारच थोडे अवघड आहे. आंदोलनाच्या जागी शासन निर्णय वाटणे बंद करावे. तिथे फक्त सुनावणीची तारीख द्यावी, आणि त्या सुनावणीला ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्या सगळ्यांना बोलवावे. दिलेली तारीख मात्र पाळावी. सरसकट मनाई आदेश थांबवून प्रत्येक आदेशाचे कारण लेखी द्यावे. लाठीमाराचा हुकूम कोणी दिला हे त्याच दिवशी नोंदले जावे. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला पोलीस गोळीबारात दहा माणसे मेली आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत २००९ साल उजाडले. एवढा उशीर झाला की न्यायही सूडासारखा भासू लागतो, ज्यांना मिळतो त्यांनाही आणि बघणाऱ्यांनाही.

सुरुवात नागपूरपासून करता येईल. दर हिवाळी अधिवेशनात तिथे मोर्चे येतात, ठरलेल्या ठिकाणी अडवले जातात, शिष्टमंडळ आत जाते, मंत्री निवेदन घेतात. त्या प्रत्येक निवेदनाला क्रमांक द्यावा, ते विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे जावे, आणि पुढचे अधिवेशन संपण्याआधी संबंधित मंत्र्याने त्यावरचे कारणांसह उत्तर, होकार असो वा नकार, सभागृहाच्या पटलावर ठेवावे. मोर्चा दोनशे माणसांचा होता की दोन लाखांचा, याची नोंद त्या कागदावर असू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. समिती आहे, पटल आहे, अधिवेशनाच्या तारखा आधीच ठरतात. विधानसभेच्या अध्यक्षांनी आणि विधान परिषदेच्या सभापतींनी मनावर घेतले, तर येत्या हिवाळ्यापासून हे सुरू होऊ शकते.